शिकवणारा केसपेपर

प्रस्तावना

बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही जिल्ह्याबाहेरच्या माणसाला साधी बातमी वाटेल. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात अशा दहा महाविद्यालयांचे एकदमच उद्घाटन झाले, बुलढाणा त्यांतले एक. पण तेरा तालुक्यांच्या आणि २०११ च्या जनगणनेत २५,८६,२५८ लोकसंख्या भरलेल्या या जिल्ह्यात तोवर एकही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. डॉक्टर व्हायचे तर मुलाने अकोला, औरंगाबाद नाहीतर नागपूर गाठायचे, आणि आजार हाताबाहेर गेला की रुग्णानेही त्याच वाटेला लागायचे. रुग्ण बरा होऊन परत येई, पण त्याचे कागद बहुधा तिकडेच राहत. या जिल्ह्याची दुखणी परगावी शिकली गेली, तीही तुकड्यातुकड्यांनी, आणि ज्या गावातून ती उद्भवली त्या गावाला त्या शिक्षणाचा उपयोग क्वचितच झाला. आता शंभर विद्यार्थ्यांची तुकडी दरवर्षी इथेच शिकणार आहे. ती कशावर शिकणार, हा माझ्या लेखी आज सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि हे पुस्तक त्यासाठी लिहिले आहे.

पुस्तकाचा विषय थोडक्यात सांगायचा तर चित्र, आवाज, व्हिडिओ आणि प्रश्न एकत्र आणणारे, शिकणाऱ्याला नुसते बघत न बसवता निर्णय घ्यायला लावणारे सॉफ्टवेअर वैद्यकीय शिक्षणात कसे वापरावे. आणि रुग्णांच्या नोंदी अशा रीतीने कशा ठेवाव्यात की त्यांतूनच असे धडे तयार व्हावेत. एका पुस्तकात दोन विषय का, असे मला सहकाऱ्यांनी विचारले. माझ्या मते तो एकच विषय आहे. चांगली नोंद ठेवणारा डॉक्टर ती लिहितानाच शिकत असतो, आणि ती दुसऱ्याने वाचली की तोही शिकतो. आपल्याकडे मात्र नोंदी रेकॉर्ड रूममध्ये धूळ खातात आणि वर्गात परदेशी पुस्तकातल्या गोऱ्या कातडीवरचे पुरळ दाखवले जाते. या दोन खोल्यांमधली भिंत पाडायची आहे.

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेतले डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक लेख लिहिला. वैद्यकीय नोंदीने डॉक्टरला वाट दाखवली पाहिजे आणि शिकवलेही पाहिजे, हे त्यांचे म्हणणे लेखाच्या मथळ्यातच होते. त्या काळच्या केसपेपरवर तपासण्या, औषधे, नर्सचे शेरे ज्या क्रमाने आले त्या क्रमाने चिकटवलेले असत. वीड म्हणाले, नोंद रुग्णाच्या प्रश्नांभोवती बांधा. प्रत्येक प्रश्नाखाली चार गोष्टी लिहा : रुग्ण काय सांगतो, आपल्याला काय दिसते नि मोजता येते, त्यावरून आपण काय समजतो, आणि पुढे काय करणार. आज प्रत्येक इंटर्न ‘सोप नोट’ म्हणून जे घोकतो ते हेच. पुढे १९७० च्या दशकात व्हरमाँट विद्यापीठात त्यांनी स्क्रीनला बोट लावून चालणारी संगणकीय नोंद-पद्धतही उभी केली. आपल्या हातात स्पर्शाने चालणारा फोन यायला तेव्हा तीसेक वर्षे होती. वीड यांचा आग्रह एकच होता : लिहिणाऱ्याचा विचार नोंदीत दिसला पाहिजे, म्हणजे तो चुकला असेल तर कुठे चुकला हे दुसऱ्याला सापडते.

इथल्याच एका प्रसंगाकडे या नजरेने पाहू. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस जायला लागले. आधी डोके खाजायचे, मग कंगव्यात नि हातात केसांचे पुंजके यायचे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. बायका, पुरुष, लहान मुले, कुणीच सुटले नाही. संशय आधी शाम्पूवर गेला, मग पाण्यावर, मग बुरशीवर. जानेवारीत आयसीएमआरचे पथक आले, नमुने गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः नमुने तपासून घेतले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम वाढलेले आढळले, आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. पुढे एप्रिलमध्ये काही जणांची नखे ठिसूळ होऊन गळू लागल्याच्या बातम्या आल्या. केस आणि नखे दोन्ही जाणे ही सेलेनियमच्या विषबाधेची ओळखीची खूण. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला असेच घडले होते.

त्या आठवड्यांत वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर टकलांचे फोटो झळकत होते. वैद्यकाच्या दृष्टीने त्यांतल्या बहुतेकांचा उपयोग शून्य. तारीख नाही, केस कधी जायला लागले ते नाही, शेजारी मोजपट्टी नाही, त्याच माणसाचा पंधरा दिवसांनंतरचा फोटो नाही. आता कल्पना करा की त्या गावांतल्या वीस रुग्णांचे, त्यांच्या संमतीने, एकाच अंतरावरून, एकाच उजेडात, तारखेनिशी घेतलेले फोटो आपल्याकडे आहेत : पहिला दिवस, आठवडा, महिना, नखे बदलली तो महिना, केस पुन्हा उगवले तो महिना. सोबत घरात कुठले धान्य होते, केव्हा आणले, कुणी खाल्ले, कुणी नाही. जगातल्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात अशी मालिका सहजी मिळणार नाही. तिच्यावर धडा कसा बांधायचा हे तिसऱ्या प्रकरणात दाखवले आहे. विद्यार्थ्यापुढे फक्त पहिला फोटो आणि रुग्णाचे एक वाक्य येते. पुढचे काहीही आपोआप उघडत नाही. त्याने जो प्रश्न विचारला त्याचेच उत्तर मिळते. पाण्याबद्दल विचारले तर पाण्याचा अहवाल येतो. त्यातले नायट्रेट आणि क्षार बघून तो तिथेच थांबला, तर सॉफ्टवेअर त्याला अडवत नाही. चार पावलांनंतर मात्र ते त्याच्यापुढे त्याच विहिरीचे पाणी पिणारे, पण केस शाबूत असलेले घर ठेवते. तिथे त्याला मागे फिरून धान्याचा प्रश्न विचारावा लागतो. वर्गात मास्तरांनी ‘सेलेनियम’ हे उत्तर सांगितले असते तर ते परीक्षेपुरते टिकले असते. स्वतः आडवाटेला जाऊन परतलेला विद्यार्थी पुन्हा पाण्यावरच थांबणार नाही.

बावस्करांचे नाव आलेच आहे तर थोडे थांबतो. बुलढाण्याला लागून असलेल्या भोकरदन तालुक्यातले देहेड हे त्यांचे गाव. सत्तरच्या दशकात ते रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे पटापट दगावत होती आणि का दगावतात हे पुस्तकात नीट लिहिलेले नव्हते. त्यांनी खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातपायांचा गारठा, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये त्या निरीक्षणांवरचा त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि पुढे प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने विंचूदंशाचे मृत्यू कमी करण्याचे त्यांचे काम जगभर गेले. त्यांच्याकडे संगणक नव्हता. कागद, पेन, रक्तदाबाचे यंत्र आणि न झोपण्याची तयारी होती. सॉफ्टवेअरवरच्या पुस्तकात हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण ज्याला खाटेशेजारी बसून बघता येत नाही, त्याला कुठलेही सॉफ्टवेअर बघायला शिकवणार नाही. जो बघतो, त्याने बघितलेले शंभर जणांपर्यंत न्यायचे काम मात्र ते फार चांगले करते.

कागदावर न उतरणाऱ्या पुष्कळ गोष्टी वैद्यकात आहेत. झटका कसा सुरू होतो, पार्किन्सनचा रुग्ण दारातून आत येताना का अडखळतो, डांग्या खोकल्याची उबळ कशी ऐकू येते, झडप अरुंद झालेल्या हृदयाचा आवाज कसा असतो, हे शब्दांत कितीही लिहिले तरी अपुरेच. माझ्या दृष्टीने यांतले सगळ्यात मोलाचे म्हणजे तान्ह्या बाळाचा श्वास मोजणे. न्यूमोनिया ओळखायला तालुक्याच्या गावी एक्स-रे असेल-नसेल. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे पन्नास, आणि वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस, एवढा हिशेब आणि छाती आत ओढली जाते का ते बघणे, यावर मूल वाचते. ऐकायला सोपे आहे, करायला अवघड. बाळ रडत असले की आकडा खोटा येतो, दूध पीत असले तरी खोटा येतो. अंगडे वर करायला आई थंडीत कचरते. नवशिका मोजणारा श्वास आत गेला तोही मोजतो नि बाहेर आला तोही, आणि आकडा दुप्पट होतो. घड्याळाकडे बघताना मध्येच चार श्वास निसटतात.

यासाठीचा धडा असा आहे : फोनवर साठ सेकंदांचा व्हिडिओ, बाळाचे पोट आणि छाती एवढेच दिसते, उजेड एका बाजूने. आशाताईने, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीने, किंवा विद्यार्थ्याने प्रत्येक श्वासाला स्क्रीनवर बोट टेकवायचे. मिनिट संपले की दोन ओळी उमटतात, वर खरे श्वास आणि खाली तिची बोटे. कुठे दोनदा टेकवले, कुठे सुटले, हे तिला स्वतःलाच दिसते. कुणी रागावत नाही, कुणासमोर चुकल्याची लाज नाही, आणि पुन्हा हवे तितक्या वेळा करता येते. पाचव्या-सहाव्या बाळापर्यंत हात बसतो. आमच्याकडे असे व्हिडिओ इथल्या बाळांचे आहेत, इथल्या घरांतल्या उजेडातले. सतरंजीवर निजलेले, गळ्यात काळा दोरा असलेले बाळ बघितले की आशाताईला ते तिच्या गावातलेच वाटते.

यामागचे काम विदर्भातच आधी झालेले आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय बंग यांनी, मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दायांसाठी आणि गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी श्वास मोजायचे एक साधन केले होते. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपेपर्यंत मणी कुठवर गेले ते बघायचे. वीज नको, अक्षरओळखही फारशी नको. नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचे ‘सर्च’चे काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ते ज्या भक्कम पायावर उभे होते तो पाया गावोगावच्या जन्म-मृत्यूंच्या चोख नोंदींचा होता. शिकवणे आणि नोंदणे एकाच हाताने कसे करता येते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

उलट ज्या साधनांचा फार गाजावाजा होतो, त्यांच्याबद्दल मी या पुस्तकात थोडक्यातच लिहिले आहे. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९९४ मध्ये एका पुरुषाच्या मृतदेहाचे एक-एक मिलिमीटरवर घेतलेले १८७१ छेद जगासाठी खुले केले. शरीरशास्त्राची पुष्कळशी संगणकीय साधने त्यातून पुढे आली. आज मृतदेहाएवढ्या स्क्रीनचे, बोटाने विच्छेदन करता येणारे टेबल मिळते. ते असावे, मुलांना शीर नि धमनी यांची गुंतागुंत त्यावर चांगली कळते. पण नव्या महाविद्यालयाच्या तुटपुंज्या पैशात एक टेबल की दहा चांगले कॅमेरे, माईक आणि दोन हुशार संगणक-सहायक, असे निवडायचे झाले, तर मी डोळे मिटून दुसरे निवडीन. शरीररचना बुलढाण्यात नि बोस्टनमध्ये सारखीच, ती कुणीतरी करून ठेवलेली आहे. पूर्णा खोऱ्यातल्या, जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या बाजूला, मूत्रपिंडाचे रुग्ण कसे येतात, वर्षानुवर्षे त्यांचे क्रिएटिनिन कसे चढत जाते, हे मात्र आपल्यावाचून कुणी करून ठेवणार नाही.

आता नोंदींकडे. आपल्या जिल्ह्यात रुग्णाची खरी रेकॉर्ड रूम म्हणजे त्याच्या हातातली प्लास्टिकची पिशवी. मेहकरहून किंवा मोताळ्याहून आलेल्या आजोबांची पिशवी टेबलावर उघडली की त्यात काय काय निघते! तीन दवाखान्यांचे केसपेपर, मेडिकलवाल्याचे बिल, गोळ्यांची रिकामी पाकिटे, घडी पडून फाटलेली सोनोग्राफी, आणि एक ईसीजी, जो पूर्ण कोरा झालेला असतो. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा. पिशवी उन्हात, चुलीजवळ राहिली की वर्ष-दोन वर्षांत रेघ पुसट होत जाते. छातीत दुखून ते दवाखान्यात गेले होते त्या रात्रीचा एकमेव पुरावा तो होता. म्हणून या पुस्तकातला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात निकडीचा सल्ला असा : ईसीजी निघाला की त्याच मिनिटाला त्याचा सरळ, वरून, सावली न पाडता फोटो घ्या, आणि नाव, तारीख, वेळ त्याच फोटोत येऊ द्या.

नावाचीही गोष्ट अशीच. तीच बाई एका कागदावर माहेरच्या नावाने, दुसऱ्यावर सासरच्या, तिसऱ्यावर इंग्रजीत कुणी ऐकले तसे. गावात एका नावाचे चारजण, आणि फोन नंबर मुलाचा, जो पुण्याला कामाला गेला की बदलतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा आकड्यांचा ‘आभा’ क्रमांक २०२१ पासून देशभर दिला जातो आहे. तो मदतीला येतो, पण तो आठवत नसलेल्या माणसाला ओळखायची सोय आपल्या नोंदीत असलीच पाहिजे : नाव मराठीत, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, गाव, अंदाजे जन्मवर्ष. आणि तक्रार रुग्णाच्या शब्दांत. ‘जीव घाबरा होते’, ‘डोळ्यापुढं अंधारी येते’, ‘पोटात गोळा उठते’, ‘हातपाय गळून जातात’ हे जसेच्या तसे लिहा, निदान नंतर. नव्या महाविद्यालयात पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. केरळहून किंवा राजस्थानहून आलेल्या विद्यार्थ्याला, आणि कोल्हापूरहून आलेल्यालाही, इथली वऱ्हाडी बोली पहिल्या दिवशी कळत नाही. मलकापूरकडे तर ती खानदेशीकडे झुकते. रुग्णांच्या आवाजातल्या अशा तक्रारी, त्यांची परवानगी घेऊन, ध्वनिमुद्रित करून पाचव्या प्रकरणात धड्याच्या रूपात दिल्या आहेत. विद्यार्थ्याने ऐकायचे आणि पुढचा प्रश्न मराठीतच विचारायचा.

सॉफ्टवेअर मरते, ही गोष्ट या क्षेत्रात पडणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी शिकली पाहिजे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही हौशी डॉक्टर-शिक्षकांनी सीडीवर सुंदर धडे केले. बरेचसे फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि त्यांतले पुष्कळ धडे, सीडी शाबूत असूनही, उघडेनासे झाले. मराठीत तर आणखी एक घाला. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक फॉन्टची स्वतःची कोडपद्धत होती. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या काळचा केस-इतिहास उघडला तर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. आणि नोंदींचे? २०२२ मध्ये राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे चाललेली संगणकीय प्रणाली थांबली, तेव्हा हाताने केसपेपर लिहिण्याची पाळी पुन्हा आली. करार संपतात, कंपन्या जातात, सरकारे बदलतात. रुग्णाचा मधुमेह मात्र तीस वर्षे चालतो.

म्हणून या पुस्तकात मी कुठल्याही एका विकाऊ सॉफ्टवेअरचा पुरस्कार केलेला नाही. मजकूर साध्या युनिकोड फाईलमध्ये, आकडे साध्या तक्त्यात, फोटो-व्हिडिओ कुठेही उघडणाऱ्या प्रकारात, आणि धडा त्यांच्यापासून वेगळा ठेवायचा, म्हणजे सॉफ्टवेअर गेले तरी माल राहतो. एच५पी, मूडल ही शिक्षणाची साधने फुकट आणि खुली आहेत. नोंदींसाठी ओपनएमआरएस २००४ पासून आफ्रिकेतल्या गरीब रुग्णालयांच्या गरजेतून वाढली, आणि तिच्यावर बांधलेली ‘बहमनी’ प्रणाली छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयासाठी आकाराला आली. गनियारीचे प्रश्न आपलेच आहेत : वीज जाते, नेट जाते, रांग लांब आणि डॉक्टर कमी. नेट नसताना चालणे आणि आल्यावर जुळवून घेणे, ही अट ज्यात पाळली जात नाही ते सॉफ्टवेअर संग्रामपूरच्या सातपुड्यालगतच्या गावांत नेऊ नये.

रुग्णाच्या लाजेचा आणि हक्काचा प्रश्न मी शेवटच्या प्रकरणावर टाकला नाही, पहिल्याच प्रकरणात घेतला आहे. शेगाव तालुक्यातल्या त्या गावांत केस गेलेल्यांच्या घरांतल्या सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या होत्या. फोटोवरचे डोळे काळ्या पट्टीने झाकले की ओळख लपते हा शहरी समज आहे. दोन हजार वस्तीच्या गावात माणूस कपाळावरच्या गोंदणावरून, लुगड्यावरून, मागच्या भिंतीच्या रंगावरूनही ओळखला जातो. फोटोच्या फाईलमध्ये तो कुठे काढला याची नोंद न दिसता बसलेली असते, ती काढून टाकावी लागते. ओळख पटेल असा फोटो किंवा केस परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नये, हे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत स्वच्छ लिहिलेले आहे. त्याच नियमांत आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपण्याचे आणि मागितल्यावर ७२ तासांत देण्याचे बंधन आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. एवढे सगळे असून डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रुग्णांचे चेहरे बिनदिक्कत फिरतात, याचा मला मनापासून राग येतो. पुस्तकाच्या शेवटी मराठी संमतिपत्र दिले आहे. ते वाचून दाखवायचे आहे, नुसता अंगठा घ्यायचा नाही. ‘शिकवायला वापरू का?’ आणि ‘छापू का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या उपचारात तसूभर फरक पडणार नाही हे वाक्य त्यात ठळक आहे.

स्क्रीनच्या मर्यादांबद्दलही बोललेच पाहिजे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कापूस-सोयाबीनच्या आपल्या पट्ट्यातही हंगामात असे रुग्ण येतात. त्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, तोंडातून गळणारी लाळ, थरथरणारे स्नायू व्हिडिओत दाखवता येतात, अॅट्रोपिन किती नि केव्हा द्यायचे याचा सराव सॉफ्टवेअरवर जिवाला धोका न होता करता येतो. पण त्यांच्या कपड्यांना येणारा औषधाचा उग्र वास कुठल्याही फोनमधून येणार नाही, आणि अनुभवी सिस्टर दारातच तो ओळखते. यकृताची कड बोटांना लागणे, फुफ्फुसाभोवतीच्या पाण्यावर वाजवताना लागणारा ठोस आवाज हाताला कळणे, हे खाटेजवळच. म्हणून प्रत्येक धड्याखाली ‘आता वॉर्डात जाऊन हे करा’ अशी चौकट आहे. ती गाळून धडा पूर्ण झाला असे सॉफ्टवेअर मानत नाही. तसेच ओपीडीत संगणक रुग्ण आणि डॉक्टर यांच्या मध्ये आडवा ठेवू नका, बाजूला ठेवा, आणि त्याची स्क्रीन रुग्णालाही दिसू द्या. त्याच्या साखरेची चढती रेघ त्याने स्वतः बघितली तर पथ्याचे पुढचे बोलणे सोपे जाते.

पुस्तक ओळीने वाचायची गरज नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी नोंदींचे दुसरे प्रकरण आधी घ्यावे, त्याला एक फोन, एक वही आणि संमतिपत्राच्या प्रती एवढेच लागते. शिक्षकांनी तिसऱ्यापासून सुरुवात करावी. विद्यार्थ्यांसाठी सातवे प्रकरण कुटुंब दत्तक योजनेवर आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती अभ्यासक्रमात आणल्यापासून एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबे पहिल्या वर्षापासून सांभाळायची असतात. वर्षाला शंभर विद्यार्थी म्हणजे काही वर्षांत जिल्ह्यातली शेकडो घरे कुणाच्या ना कुणाच्या नियमित भेटीत येतील. आज या भेटींचे लॉगबुक गुण मिळाले की संपते आणि विद्यार्थी गेला की ते घर पुन्हा अनोळखी होते. सातव्या प्रकरणात अशा घराची नोंद पुढच्या तुकडीतल्या विद्यार्थ्याच्या हाती कशी सोपवायची, तिच्यातून घराच्या परवानगीने धडा कसा करायचा, आणि घरातल्या माणसांकडे त्यांची स्वतःची छापील प्रत कशी राहील, हे पायरीपायरीने दिले आहे. २०२४ ला आलेली पहिली तुकडी इंटर्नशिपला लागेल तोवर खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या गावाची तरी सलग चार वर्षांची अशी नोंद तयार असावी, एवढ्या हिशेबाने त्या प्रकरणाचे वेळापत्रक बांधले आहे.